एक नंबर पाणी

आमचे घरमालक दगड चाटायचे. ही बदनामी नाही, अख्ख्या मखमलाबाद रोडला ठाऊक असलेली गोष्ट आहे. लपूनछपून नाही, चांगले चारचौघांत चाटायचे. लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो. ह्यांच्या खिशात दगड. बोलता बोलता एखादा काढायचा, जिभेचं टोक लावायचं, डोळे मिटायचे आणि परत खिशात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत. मीही म्हणायचे. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, पण आठ वर्षांत त्यांनी मला एकदा बाई म्हटलं असेल तर शपथ. कुणाशी माझ्याबद्दल बोलायचं झालं की 'त्या वरच्या'.

जागा बघायला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो तेव्हा भिंतीकडे बघत त्यांनी मला विचारलं, "माहेर कुठलं?"

"सायखेडा."

"पाणी कसं आहे?"

मला वाटलं, टंचाईबद्दल विचारतायत. म्हटलं, "भरपूर आहे. गंगाकाठचंच गाव आमचं." गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

"भरपूर आहे का, असं नाही विचारलं. कसं आहे?"

आता पाणी कसं असणार? ओलं असतं, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण जागा हवी होती. त्यातून गच्ची मोठी, चारी बाजूंनी ऊन, आणि मी तोवर मनातल्या मनात तिथे कुरडया घालूनही टाकल्या होत्या. "गच्ची वापरली तर चालेल ना?" मी विचारलं.

"वापरा की. फेब्रुवारी ते जून सोडून."

मी हसले. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा हा प्रकार त्या माणसाच्या अंगात औषधालाही नव्हता, हे मला एप्रिलात कळलं.

एप्रिलात बादलीभर धुणं घेऊन वर गेले, तर पाय ठेवायला जागा नाही. पराती, ताटं, बेकरीतले पत्र्याचे ट्रे, कुणाच्या तरी भंगारातल्या फ्रिजचा भाजीचा खण. एकतीस भांडी, आणि सगळ्यांत पाणी. प्रत्येक भांड्याला कपड्यांच्या चिमट्यानं लावलेली चिठ्ठी. 'सिन्नर, विहीर.' 'दिंडोरी, बोअर.' 'नळ.' पाण्याचं बाकी काही करत नव्हते हो. उकळणं नाही, गाळणं नाही. नुसतं उन्हाला दिलेलं, आणि हे डोक्यावर ओला रुमाल टाकून स्टुलावर बसलेले.

"सर, हे काय?"

"वाळवण."

माझं डोकंच फिरलं. वाळवण हा आमचा शब्द. कुरडया, पापड, सांडगे, उन्हाळाभर पाठ मोडून बायका जे करतात ते वाळवण. सरांच्या शास्त्रात ह्या खनिजांना काहीतरी बाष्पीभवनजन्य असं जडजंबाळ नाव आहे. ते म्हणायचे, "तो शब्द फळ्यावर लिहून होईपर्यंत मागची दोन बाकं झोपायची. मग मी वाळवण म्हणायला लागलो. पाणी वाळवलं की मागे उरतं ते. मीठ, जिप्सम, सोडा, टाकणखार, सगळी वाळवणंच. तुमच्या पापडातला पापडखारसुद्धा मूळचा वाळवणच. उपासाला सैंधव खाता ना? एक अख्खा समुद्र वाळला त्याचं आहे ते."

एकदा सुरू झाले की कमीत कमी पाऊण तास. वाळवंट म्हणजे काय, तर जिथे आभाळ देतं थोडं आणि नेतं जास्त. डोंगरावरून पाणी येतं, येताना दगडांतलं काय काय विरघळवून घेऊन येतं, खोलगट जागेत साठतं. पुढे जायला वाट नाही. मग ते जातं फक्त वर. "सूर्य पाणी तेवढं नेतो," सर म्हणायचे, "सामान इथेच टाकून जातो." आणि ते सामानही म्हणे रांगेनं टाकतो. आधी चुनखडी, ती भांड्याच्या तळाला धुरकट बसते. मग जिप्समच्या सुया. पाणी अगदी तळाशी आलं की मीठ. आणि सगळ्यांत शेवटी कडू क्षार. ते धड वाळतही नाहीत, चिकट राहतात. "सावकाश वाळलं तर स्फटिक मोठे येतात. घाई केली की नुसती भुकटी," असं म्हणून माझ्या हातातल्या बादलीकडे बघायचे. जणू काही मला दुसरे उद्योगच नव्हते.

"तुम्ही कुठलं वाळवंट पाहिलंय, सर?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"एकही नाही. कशाला? गच्ची आहे ना."

तीस वर्षं पोरांना वाळवंट शिकवलं आणि हा माणूस वाळवंटात गेलाच नव्हता! त्यांची बायको, आमच्या काकू, जिन्यात लसूण सोलत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, मला लग्नानंतर फिरायला नेलं ते उरणच्या मिठागरात. बाकीच्या जोडप्यांनी माथेरानचे फोटो काढले. माझा फोटो मिठाच्या ढिगाजवळ." काकूंना बीपी होतं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. घरात शोकेसमध्ये मिठाच्या नाना जाती मांडलेल्या आणि काकूंच्या ताटात अळणी वरण. त्या माणसाला ह्यात काही विचित्र वाटायचं नाही.

दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. म्हटलं, भाडेकरू आहोत, गुलाम नाही. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, पहाटे उठून शिजवला आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिक अंथरून कुरडया घातल्या. त्यांच्या भांड्यांपासून चांगली चार हात लांब. शाळेतून दुपारी येते तो प्लॅस्टिक जिन्यात, घडी घालून ठेवलेलं, आणि आत सगळ्या कुरडयांचा एक गोळा.

"ओल सुटत होती," सर म्हणाले. "तुमच्या चिकाची ओल माझ्या चौदा नंबरवर येत होती."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकले, त्या गोळ्यातला एक तुकडा मोडला, जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "मीठ जरा जास्त पडलंय."

पडलं होतं. पण म्हणून काय झालं?

खालच्या खोल्यांच्या भिंतींना पांढरा खार फुटला होता, तेव्हाची तऱ्हाही तीच. तळमजल्यावरच्या शिंप्यानं रंग लावून द्या म्हणून तक्रार केली. सर गेले, भिंतीजवळ गुडघ्यांवर बसले आणि शिंप्याच्या बायकोसमोर भिंत चाटली. मग खूश होऊन म्हणाले, "जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतंय आणि इथे वाळतंय. काय सुंदर! हात लावू नका." रंग राहिला बाजूला, उलट दर पंधरा दिवसांनी ह्यांची फेरी. शिंपी कंटाळून जागा सोडून गेला.

पाहुण्यारावळ्यांनाही सुटका नव्हती. येताना काय आणू, असं कुणी फोनवर विचारलं की, "पाणी आणा. तुमच्या विहिरीचं." माणूस पेढे घेऊन आला तर तोंड वाकडं, बाटली घेऊन आला की स्वागत. मी सरांना पाण्यात पाहायचे हे खरं आहे. पण ते तर सगळ्या जगालाच पाण्यात पाहायचे.

दर रविवारी त्या भांड्यांची तपासणी चाले. भिंग घेऊन एकेकाजवळ उकिडवे बसायचे, बोट बुडवायचे, चाटायचे आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात नंबर टाकायचे. पुढच्या रविवारी नंबर बदलायचे. एक ते एकतीस. नंबर कशाचा, हे मी कधी विचारलं नाही. मी पोरांना शिकवते, माझ्या वर्गात पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर. त्याचा आणखी काही अर्थ असू शकतो, हे डोक्यात यायचं कारणच काय?

आता दादाचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच एवढं सगळं लिहायला घेतलंय.

माझा मोठा भाऊ सायखेड्याला शेती करतो. गंगेला लागून असलेलं जुनं रान आहे, त्यात द्राक्षं चांगली येतात. वडील गेल्यावर वाटणीत त्याला आतलं दोन एकर काळं रान मिळालं, नदीपासून लांबचं. तिथे नवी बाग लावायची हे दादाचं स्वप्न होतं. वेली चढवायच्या तारा, अँगल, सगळं मनात उभं करून झालेलं. वहिनीला बांधावर उभं करून तो हातानं दाखवायचा, इथून इथवर, अशा ओळी. अडलं होतं ते पाण्यापाशी. गंगेवरून पाइपलाइन आणायची तर ती चुलतभावाच्या बांधावरून आणावी लागणार, आणि चुलतभावाशी वाटणीपासून बोलणं बंद. दादानं बोअर घेतली. पाणी लागलं, भरपूर लागलं. पण प्यायला मचूळ वाटायचं, म्हणून दादा कचरत होता.

त्यानं मला फोन केला. "ताई, तुझे सर पाण्यातले मास्तर हायेत ना? दोन बाटल्या देतो, एक बोअरची, एक गंगेची. त्यांना एवढंच विचार, बोअरचं पाणी बागेला चालंल का. चालत नसंल तर जातो चुलत्याच्या पोराच्या पाया पडायला. पण नीट विचार बरं का, दोन एकराचा प्रश्न हाय."

"विचारते," मी म्हटलं.

बाटल्या घेऊन मी सरांच्या दारात गेले. संध्याकाळची वेळ, कुकर लावायचा होता, वह्या तपासायच्या होत्या. ह्या माणसाला एक प्रश्न विचारला की पाऊण तास गेला, हे मला माहीत. शिवाय कुरडयांचा गोळा मी विसरले नव्हते. त्यांच्यासमोर उभं राहून, सर, जरा सांगता का, असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "सायखेड्याचं पाणी. हे बोअरचं, हे गंगेचं." बाटल्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि जिना चढून वर आले. म्हटलं, ताटात काय ते कळेलच की.

महिनाभरानं, भर मे महिन्यात, जिन्यातून सरांची हाक आली. "अहो वरच्या! या, या लवकर!" एवढ्या उत्साहात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. गच्चीत एका परातीजवळ बसले होते. परातीच्या तळाला पांढरे चौकोन, एकेक नखाएवढा, मधे पायऱ्यापायऱ्यांचा खळगा असलेला.

"हे बघा, काय पाणी आहे तुमच्या बोअरचं! तोड नाही हो. सबंध गच्चीत एक नंबर!"

चिठ्ठीही मी माझ्या डोळ्यांनी वाचली. 'सायखेडा, बोअर. क्र. १.'

"आणि गंगेचं?"

"भिकार," सर म्हणाले. "महिना झाला, तळ नुसता धुरकट. त्यात काही नाहीच." त्या परातीच्या चिठ्ठीवर एकतीस.

माझी तर हसून पुरेवाट. प्रत्यक्ष गंगेला भिकार म्हणणारा माणूस नाशकात दुसरा सापडायचा नाही. त्याच पावली दादाला फोन लावला.

"काय म्हणले सर?"

"बोअरचं पाणी एक नंबर म्हणाले. गंगेचं भिकार!"

"गंगेचं भिकार? आई ऐकंल ना तर..." दादा खो खो हसला. मग म्हणाला, "पण बागेला चालंल?"

"चालेल म्हणाले."

"नीट विचारलंस ना?"

"हो रे बाबा, विचारलं."

दादानं मोठा श्वास सोडलेला मला फोनवर ऐकू आला. चुलतभावाच्या पाया पडायचं टळलं होतं. पुढच्या हंगामात बाग लागली. बोअरवर ठिबक बसली. वहिनीनं ओळींचे फोटो पाठवले, आणि मी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले.

पहिल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. दादा म्हणाला, ऊन लय हाय. पावसाळ्यात सगळं हिरवंगार झालं आणि आम्ही ते विसरलो. दुसऱ्या उन्हाळ्यात कडा जास्त जळल्या. कुणी म्हणालं, जमीन चोपण होतेय, चिकटून घट्ट बसतेय, जिप्सम टाका. दादानं जिप्समच्या गोण्या टाकल्या. त्यानंतर प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी, जिथे ठिबकचं पाणी पडायचं त्याच्या भोवती, पांढरं कडं दिसायला लागलं. "ते काय नाय, जिप्सम टाकलंय ना, तेच वर दिसतंय," दादा म्हणायचा. गावानंही तेच म्हटलं. सगळ्यांना तेच बरं वाटत होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले. दादा घरी झोपून होता. आजारी नव्हता, नुसता भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनी म्हणाली, "चार दिवस रानात गेले नाहीत." मी एकटीच गेले. दोन एकर बाग उभी, आणि निम्म्याहून अधिक वेली वाळलेल्या. पानं हातात घेतली की चुरा. जमीन पांढरी. मी एका वेलीच्या पांढऱ्या कड्यापाशी बसले. वरची पापडी बोटानं उचलली. आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मग मी, जिनं आठ वर्षं त्या माणसाच्या चाटण्याची नक्कल करून नातेवाइकांना हसवलं, त्या मी बोट जिभेला लावलं.

मीठ. खारं मीठ, आणि मागून जरासं कडू.

मला सरांची परात दिसली, ते चौकोन दिसले. पण खरं सांगते, पहिल्यांदा आला तो संतापच. म्हटलं, ह्या माणसानं माझ्या भावाला बुडवलं. पापडी वर्तमानपत्रात बांधली, एसटी पकडली आणि थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पुडी त्यांच्या हातात कोंबली.

त्यांनी नेहमीप्रमाणे जीभ लावली, डोळे मिटले. "मीठ. थोडे कडू क्षार. छान आहे. कुठलं?"

"माझ्या भावाच्या बागेतलं! तुमच्या एक नंबर पाण्याचं!"

"बागेतलं?" सरांनी डोळे उघडले. "हे पाणी बागेला दिलं?"

"तुम्हीच म्हणालात ना एक नंबर!"

"आहेच एक नंबर. गच्चीत सगळ्यांत जास्त मीठ त्यातच होतं. त्या क्रमानंच लावतो मी नंबर."

"आमच्यात एक नंबर म्हणजे चांगलं!" मी ओरडले. काकू आतून बाहेर आल्या.

"चांगलं?" सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "चांगलं कशासाठी?"

मी काकूंकडे पाहिलं.

"बागेला चालेल का, असं तुम्ही विचारलं होतं?"

त्यांनी परत नाही विचारलं. पुडीकडे बघत राहिले आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "काळी जमीन. पाणी खाली जात नाही. गेलं तर फक्त वर. प्रत्येक वेलीपाशी एकेक परात झाली." मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला गंमत म्हणून हवंय." एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. नीट बोलताही येत नव्हतं त्या माणसाला.

पंधरा दिवसांनी दादा नाशिकला आला. माती तपासून आणली होती, कागद खिशात होता. माझ्याकडे चहासुद्धा न घेता म्हणाला, "चल, तुझ्या सरांकडं." मी त्याला आवरायला पाहिजे होतं. जिन्यातच थांबवून सांगायला पाहिजे होतं, की दादा, मी विचारलंच नव्हतं. जिना काही लांब नव्हता, पण एक वाक्य बोलण्यापुरता होता.

काकूंनी मला आत चहा गाळायला बोलावलं, आणि मी सुटल्यासारखी आत गेले. बाहेर दादाचा आवाज चढलेला. "सर, तुमच्या भरवशावर दोन एकर लावली मी. तीन वर्ष जीव टाकला त्यात. आता उपटायला मजूर लावलेत. एवढं शिकलेले तुम्ही, अन् तुम्हाला पाणी कळत नाय?"

मी ट्रे घेऊन दाराशी आले. सर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगणार. सांगायलाच हवं होतं त्यांनी. मी असते तर सांगितलं असतं.

"नाही कळत," सर दादाला म्हणाले. "चुकलं माझं."

"मंग लोकांना सांगता कशाला?"

"नाही सांगणार यापुढे."

ज्या माणसाचा सगळा तोरा पाण्याच्या एका थेंबावर उभा होता, तो माझ्या भावासमोर म्हणाला की मला पाणी कळत नाही. आणि मी चहाचे कप घेऊन उभी होते. चहावर साय धरली.

दादा उठला. जिन्यापर्यंत गेला, तर मागून सरांचा आवाज, "अहो, त्या रानातली थोडी माती मिळेल का?" दादा असा वळला की आता हात उचलतो की काय! काकूंनी सरांना ओढून आत नेलं. हेही लिहायलाच हवं, नाहीतर तुम्ही त्यांना साधुसंत समजाल. तसं काही नव्हतं. बायकोला अळणी जेवायला घालून स्वतः मीठ चाटत बसणारा, माझ्या कुरडयांचा गोळा करणारा तो माणूस होता.

पुढच्या रविवारी गच्ची रिकामी. एकतीस भांडी घासून भिंतीशी पालथी मांडलेली, चिठ्ठ्या नाहीत, चिमटे धुणं वाळत घालायच्या दोरीवर. काकू म्हणाल्या, "ह्या वर्षी घाल हो कुरडया. अख्खी गच्ची तुझीच आहे." मी त्या वर्षी कुरडया केल्या नाहीत. घशाखाली उतरल्या नसत्या. नंतर आम्ही आडगाव नाक्याकडे स्वतःच्या जागेत आलो.

दादानं शेवटी चुलतभावाचे पाय धरलेच. गंगेचं पाणी त्याच्या बांधावरूनच आलं. चर खणून, ते पाणी सोडून दोन पावसाळे तो रानातलं मीठ धुऊन काढतोय. द्राक्षं अजून लावलेली नाहीत, पण हरभरा उगवलाय म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात सर गेल्याचं कळलं. मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "कोण, तो पाण्यातला मास्तर? काय कळत नव्हतं बघ त्याला."

आणि मी म्हटलं, "हो ना."

ते 'हो ना' माझ्या जिभेवरून जात नाही. म्हणून हे लिहिलं. सरांबद्दल वर मी जे जे म्हटलंय त्यातलं काहीही मागे घेत नाही, तो माणूस तसाच होता. पण दादा वाचत नाही, वहिनी वाचते, आणि काही बरं सापडलं की जेवताना त्याला मोठ्यानं वाचून दाखवते. वहिनी, हे बरं नसलं तरी वाच, आणि इथे आलीस की थांबू नकोस. सर फक्त 'एक नंबर' म्हणाले होते, दादा. 'बागेला चालेल' हे मी म्हटलं.